हात मागे बांधायला शिकवणारं कॉलेज

आमच्या कॉलेजची घंटा हिवाळ्यात कधीकधी उशिरा वाजायची, आणि ती चूक नसायची.

पहिला तास नऊ दहाला. खाली गावातल्या स्टेशनवर एका डब्याची गाडी आठ बावन्नला येते, तिथून टेकडी चढायला बारा मिनिटं लागतात आणि दारात बूट काढून आतल्या चपला घालायला तीन. वेळापत्रक त्या गाडीवर बेतलेलं. बर्फ पडला आणि गाडीला उशीर झाला की ऑफिसातल्या बाई स्टेशनला फोन करायच्या, दारावर एक कागद चिकटवायच्या, ‘आज घंटा गाडीच्या वेळेने’, आणि गाडीतलं शेवटचं पोर चपला घालेपर्यंत घंटेच्या बटणाला हात लावायच्या नाहीत. त्याआधी सहा वर्षं टोकियोत, पहिल्यांदा कडेच्या ग्योतोकुत आणि मग कोतो भागात काढून मी जपानी वेळेचा चांगलाच धाक घेतला होता. दीड मिनिट उशिरा आलेल्या मेट्रोबद्दल माफी मागणारा आवाज रोज ऐकलेला. म्हणून तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी वहीत तो उतरवून घेतला आणि खाली रेघ मारली. हे कॉलेज कोणासाठी आहे, ते मला त्या कागदावरून कळलं.

मी तिथे पोचले ती कचऱ्यामुळे. नवऱ्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी डोंगरातल्या एका कारखान्याच्या कामावर पाठवलं. मुलगी ओसाकाला युनिव्हर्सिटीत गेली होती. कोतोत मी एका शाळेच्या ऑफिसात प्रवेशाचे फॉर्म आणि बसच्या याद्या सांभाळायचे. ते काम सुटलं. नव्या गावात नासपतीच्या बागा, भाताची शेतं, एक कोनबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं दुकान, आणि नऊ प्रकारांत वेगळा करायचा कचरा. मी कचऱ्याचा तक्ता माझ्या पद्धतीने मांडून, सहा शंका लिहून गावाच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने तक्ता उलटसुलट पाहिला, आत जाऊन सहकाऱ्यांना दाखवून आणला आणि शंकांच्या उत्तरांबरोबर एक माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. “वर टेकडीवर आमचं कॉलेज आहे,” तो म्हणाला. “मोठी माणसंही घेतात. तुम्ही घरी बसणाऱ्यांतल्या दिसत नाही.”

दोन वर्षांचं छोटं कॉलेज. लहान मुलांची देखभाल, स्वयंपाक आणि आहार, वृद्धांची शुश्रूषा असे तीनच कोर्स. पुण्यात माझ्या बी. कॉम.च्या एका वर्गात जितकी मुलं होती तितकी या सगळ्या कॉलेजात मिळून नव्हती. माझ्या पुण्याच्या कॉलेजात तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाने मला नावाने हाक मारली नाही. इथे दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या बाईंना माझ्या बुटाचं माप माहीत होतं. मापाप्रमाणे लावलेले बर्फात घालायचे बूट दारातच ठेवलेले असायचे, ज्याला लागतील त्याने न्यायचे. शरदात पालकांकडून मुळे यायचे आणि ऑफिसच्या खिडकीखाली ‘प्रत्येकी एक’ अशी चिठ्ठी लावून रचून ठेवले जायचे. कधी कोणी दोन उचललेले मी पाहिले नाहीत, आणि मी लक्ष ठेवून होते.

गावातली अंगणवाडीची बाई, दवाखान्यातली आहारतज्ज्ञ, वृद्धाश्रमातले निम्मे कर्मचारी, सगळे याच टेकडीवरून उतरलेले. हे कॉलेज बंद पडलं तर त्या खोऱ्यात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला माणूस उरणार नाही, असं लोक अगदी साधेपणाने सांगायचे, पुलाबद्दल सांगावं तसं.

आमच्या शुश्रूषेच्या वर्गात आम्ही अकरा जण. बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांचे, मी सत्तेचाळीसची. माझ्या शेजारी बसायची ती एका नासपतीच्या बागवाल्याची मुलगी. तिची स्वतःची छोटी गाडी होती आणि माझं घर तिच्या वाटेवर, त्यामुळे ती मला रोज घ्यायची. सगळं सावकाश करायची. पेन्सिलीला टोक सावकाश, खाणं सावकाश, वळणावर गाडी तर इतकी सावकाश की मागच्या ट्रकवाल्याची मलाच लाज वाटायची. पलंगावर माणूस झोपलेला असताना चादर बदलायच्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले. ती घंटा झाल्यावरही एक कोपरा दुमडत होती. गाडीत मी पुढच्या आठवड्याची यादी वाचायला लागले की ती रस्त्यावरची नजर न काढता विचारायची, “यादीत श्वास घेणं धरलंय का तुम्ही?”

पहिल्या वर्षाच्या शेवटी चार आठवडे प्रत्यक्ष काम. प्रत्येकाला जवळच्या एका वृद्धाश्रमात एक माणूस नेमून देतात. रोज वही लिहायची, आणि शेवटच्या दिवशी आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, वहीच्या शेवटच्या पानावर शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. पुढच्या बॅचबरोबर पुन्हा काम करायचं. इतरांसाठी ते एक वर्ष मागे पडणं होतं. माझा कोर्स दोन वर्षांचा आणि नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्टही दोन वर्षांचंच. मला तिसरं वर्षच नव्हतं. शिक्का चुकला तर मी शुश्रूषेच्या कामाचा परवाना न घेता टेकडी उतरणार आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी मनासारखं मिळालेलं काम तिथेच राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

काळजी मात्र वाटत नव्हती. अनुभव होता. नवरा आधी एकटाच जपानला आला होता, तेव्हा सासूबाईंची शेवटची दोन वर्षं मी पुण्यात त्यांच्याजवळ होते. अर्धांगवायू झालेला. कपडे, अंघोळ, जेवण, औषधं, सगळं मी केलं. त्या उठायला लागल्या की म्हणायचे, “मी करते, आई. तुम्ही बसा.” येणारेजाणारे सांगायचे, पोटच्या मुलीने केलं नसतं. मला ते खरं वाटायचं.

मला नेमून दिलेल्या बाई शहाऐंशी वर्षांच्या होत्या. मी इथे त्यांना आजी म्हणते. तिथे ते चालत नाही, तिथे आडनाव आणि पुढे सान असंच म्हणायचं, हा कॉलेजचा पहिला धडा. आजींची डावी बाजू लुळी होती, उजवा हात शाबूत. मी पहिल्याच संध्याकाळी चौदा मुद्द्यांचा तक्ता आखला. सकाळी सात वाजता पडदे. सात दहापर्यंत कपडे, लुळ्या बाजूची बाही आधी, शिकवल्याप्रमाणे. सात पंचवीसला तोंड धुऊन केस. सात पस्तीसला नाश्त्याच्या टेबलाशी, सात पंचावन्नला वाटी रिकामी. तिसऱ्या दिवसापासून चौदाच्या चौदा खुणा. मजल्यावरचे कर्मचारी माझ्यावर खूश होते, कारण आमचं टेबल सगळ्यांत आधी मोकळं व्हायचं. आजी प्रत्येक गोष्टीला “सुमिमासेन” म्हणायच्या, म्हणजे माफ करा. बटण लावलं, सुमिमासेन. तोंड पुसलं, सुमिमासेन. मी वहीत लिहिलं, ‘अतिशय विनयशील.’

दहाव्या दिवशी सेन्सेई पाहणीला आल्या. अकरा विद्यार्थी पाच ठिकाणी विखुरलेले, आणि त्या स्वतःच्या गाडीने बर्फातून प्रत्येकाकडे जायच्या. सकाळी सातला त्या आजींच्या खोलीत खिडकीशी स्टुलावर बसल्या, अंगात कोट तसाच. त्यांना दाखवायला म्हणून मी जरा जास्तच झपाट्याने काम केलं. नाश्त्यानंतर आम्ही दोघी धुण्याच्या खोलीत उभ्या राहिलो.

“आज त्यांनी काय केलं?” सेन्सेईंनी विचारलं.

मी तक्ता काढून वाचायला लागले. कपडे, केस, नाश्ता.

“ते तुम्ही केलंत. त्यांनी काय केलं?”

मी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, “त्यांनी सहकार्य केलं.”

सेन्सेई हसल्या नाहीत. “तुमचं काम स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “पण आज तुम्ही शिक्का मागितला असतात तर मी दिला नसता. उद्या एक दिवस हात मागे बांधून काम करा. खरोखर मागे, पाठीशी. पडण्याचा किंवा ठसका लागण्याचा धोका दिसला तरच पुढे आणा. आणि वहीत तुमचं काही लिहू नका. फक्त त्यांचं लिहा.”

त्या पुढच्या विद्यार्थ्याकडे गेल्या. मला राग आला होता. गाडीत मी बागवाल्याच्या मुलीला सगळं सांगितलं आणि विचारलं की तिला सेन्सेई काय म्हणाल्या.

“काही नाही. तुझं चाललंय तसं चालू दे म्हणाल्या.” तिने वळण घेतलं, सावकाश. “मला नेमून दिलेले आजोबा मोजे चढवायला इतका वेळ लावतात की मी बसल्या बसल्या पेंगते. मला वाटलं सेन्सेई रागावतील.”

“आणि?”

“म्हणाल्या, खुर्चीवर पेंगू नकोस, पडशील.”

संध्याकाळी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो आधी थट्टेवर गेला. “म्हणजे आता आमटी मीच वाढून घ्यायची का? तू मागे हात बांधून उभी राहणार?” मी हसले नाही, तेव्हा त्याने थट्टा सोडली. पोळीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाला, “एक सांगू? आई मला एकदा फोनवर म्हणाली होती.”

“काय?”

“की मला इथे कोणी मेथी निवडायलासुद्धा देत नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू इतकं करत होतीस. त्यात हे कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ती काही तक्रार म्हणून बोलली नव्हती. नुसतं सांगितलं. हवापाण्याचं सांगावं तसं.”

मी उठून भांडी आवरली. सासूबाईंचा उजवा हात चांगला होता. मी भरवायला बसले की तो हात चमच्याकडे यायचा, आणि मी तो हलकेच खाली मांडीवर ठेवायचे. गाऊनवर सांडेल म्हणून. हे मला त्या दोन वर्षांत एकदाही आठवणीत ठेवण्यासारखं वाटलं नव्हतं, आणि आता ओट्याशी उभी असताना हात खाली ठेवल्याची जागासुद्धा आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सातला पडदे उघडले, कपडे आजींच्या मांडीवर ठेवले आणि हात पाठीमागे बांधले. आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आज मला सेन्सेईंची शिक्षा आहे. हात वापरायचे नाहीत.”

“काय केलंस?”

“फार काम केलं.”

आजींचं तोंड एका बाजूने हसलं. मग त्यांनी ब्लाउज उचलला. लुळा हात बाहीत घालायला त्यांनी तो उजव्या हाताने उचलून आणला, झोपलेल्या मुलाला उचलावं तसा. पाच बटणं. पहिलं लागलं तेव्हा सात वाजून सतरा मिनिटं झाली होती. तिसरं चुकीच्या काजात गेलं. माझी बोटं पाठीमागे एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की दुखायला लागली. आजींनी खाली पाहिलं, जीभ किंचित बाहेर काढली, बटण सोडवलं, पुन्हा लावलं. एकोणीस मिनिटं, पाच बटणं. तोवर मजल्यावरची प्रमुख बाई दोनदा डोकावून गेली. “बरं नाहीये का आज?” तिने मला विचारलं.

नाश्ता आठ चाळीसला संपला. टेबलावर भात सांडला, सूपही थोडं. वही काढून मी त्या दिवशीचं लिहायला बसले आणि मग लक्षात आलं की सबंध सकाळभर आजी एकदाही सुमिमासेन म्हणाल्या नव्हत्या. आदल्या दिवशीची सकाळ मी मनात पुन्हा पाहिली आणि मोजलं. निदान दहा वेळा तरी. शहाऐंशी वर्षांची बाई स्वतःच्या बटणासाठी दहा वेळा माफी मागत होती, आणि मी त्याला विनय म्हणत होते.

शिक्षा एका दिवसाची होती, मी ती पुढे चालू ठेवली. तक्ता फाडला नाही. मी कागद फाडणाऱ्यांतली नाही. त्याच्या मागच्या बाजूला नवीन रकाने आखले आणि डोक्यावर लिहिलं, ‘त्यांनी.’ त्यांनी बटणं लावली. त्यांनी चष्मा स्वतः पुसला. त्यांनी कंगवा नाकारला आणि बोटांनी केस सारखे केले. त्यांनी टॉवेलच्या घड्या मागितल्या, एका हाताने आठ घातल्या आणि माझी एक मोडून पुन्हा घातली. तिसऱ्या आठवड्यात त्या बोलायला लागल्या. तोवर मला वाटत होतं की त्या अबोल आहेत. खरं म्हणजे माझ्या चौदा मुद्द्यांत बोलायला जागाच नव्हती.

“कुठल्या कॉलेजची तू? टेकडीवरचं?” एक दिवस त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “कॅन्टीन आहे अजून?”

मी सांगितलं की बंद झालं. आता तिथे मायक्रोवेव्ह आणि पेयांचं मशीन आहे, लाकडी काउंटर मात्र तसाच आहे.

“त्या काउंटरमागे मी होते,” आजी म्हणाल्या. “मुलं मुळ्याचं लोणचं टाकून द्यायची. मी ताट परत घ्यायचीच नाही. संपव म्हणायची, मग आण.”

शेवटच्या दिवशी सेन्सेई पुन्हा आल्या. दुपार होती, बर्फ वितळून छपरावरून ठिबकत होता. माझी वही माझ्या मांडीवर, शेवटचं पान कोरं. आजींनी सेन्सेईंना पाहिलं आणि आडनाव न घेता, सान न लावता, त्या टेकडीवर शिकत होत्या तेव्हाच्या नावाने हाक मारली. पन्नाशीच्या सेन्सेई चटकन वाकल्या.

“अजून मुळा टाकतेस का?” आजींनी विचारलं.

“नाही. तेव्हापासून नाही.”

“खोटं बोलते,” आजी मला म्हणाल्या.

नंतर सेन्सेईंनी सांगितलं की आजींना माझ्यासाठी त्यांनीच निवडलं होतं. “त्यांना बसून राहणं जमत नाही,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हालाही. मला बघायचं होतं, कोण कोणाला बसवतं.”

पण ते नंतर. त्या वेळी टेबलावर संत्र्यांची टोपली होती आणि पाहुणी आली म्हटल्यावर आजींनी हात पुढे केला. त्यांनी एक संत्रं वाटीत ठेवलं, म्हणजे ते घरंगळणार नाही, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने देठाशी साल फोडली. साल तुटून तुटून येत होती. रस मनगटावरून बाहीत चालला होता. संत्रं वाटीत फिरायला लागलं तसा माझा हात आपोआप पुढे झाला. वाटी नुसती धरावी, एवढंच.

“तू बस,” आजी म्हणाल्या. “मी करते.”

मी हात मागे घेतला आणि बसले. सेन्सेई माझ्याकडे पाहत नव्हत्या, छपराच्या पाण्याकडे पाहत होत्या. किती वेळ लागला ते मी लिहून ठेवलेलं नाही. त्या चार आठवड्यांतली ती एकच नोंद मी केली नाही. शेवटी संत्रं सोलून झालं. एका बाजूने जरा चेंगरलं होतं. आजींनी त्याचे तीन भाग केले. पहिला पाहुणीला, दुसरा मला, आणि चेंगरलेला स्वतःला ठेवला. तोंडात फोड असतानाच सेन्सेईंनी माझ्याकडून वही मागितली.

त्यांनी मागची दोन आठवड्यांची पानं वाचली, घाई न करता. मधेच एका ठिकाणी बोट ठेवून आजींना दाखवलं, “टॉवेलची घडी मोडलीत तुम्ही हिची?”

“वाकडी होती,” आजी म्हणाल्या.

सेन्सेईंनी पर्समधून शिक्का काढला. बोटांना संत्र्याचा रस होता, म्हणून शिक्का जरा सरकला आणि लाल गोल एका कडेने पुसट आला. त्यांनी विचारलं, दुसरा मारू का खाली. मी नको म्हटलं, वही मिटली, आणि कपात चहा ओतायला उठले. मग आठवलं, आणि किटली आजींच्या उजव्या हाताशी सरकवून ठेवली.